सुभेदाराच्या नावाचा नारळ

सुभेदार गाव सोडून गेला त्या दिवशी त्याला पोचवायला कोणी आलं नाही. मी गेलो, पण पोचवायला नव्हे, बघायला. सकाळची एसटी तिठ्यावर थांबली. त्याने आपली मिलिटरीतली पत्र्याची ट्रंक स्वतःच वर चढवली, बायकोला पुढे बसवलं, आणि बस सुटेपर्यंत माझ्याकडे एकदाही मान वळवली नाही. मी चहाच्या टपरीला पाठ लावून उभा राहिलो, बस वळणाआड जाईपर्यंत. त्या दिवशी मला जेवण गोड लागलं. कोणाला हे वाचून वाईट वाटलं तर त्याने पुढचंही वाचावं आणि मग ठरवावं.

मी रापणीचा तांडेल. रापण हे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडी ते समुद्रात अर्धगोल सोडत जाते आणि मग दोन्ही टोकांचे दोर धरून माणसं ते वाळूवर ओढून घेतात. पाण्याचा रंग बघून मासळी कुठे आहे ते ओळखायचं, जाळं कधी टाकायचं, कुठल्या टोकाने जोर वाढवायचा, हे सगळं तांडेल ठरवतो. माझ्या बापाने हे केलं, त्याच्यानंतर मी. शाळेत मी चौथीपर्यंत होतो. पाचवीच्या मास्तराने विनाकारण कानाखाली मारली म्हणून मी घरी आलो, तो परत गेलो नाही. मास्तर दारात समजूत घालायला आला तरी गेलो नाही. त्यामुळे लिहिण्यात चुका असतील, त्या असू देत.

आमचं गाव खाडीने दोन तुकड्यांत कापलेलं. अलीकडे आमची वाडी, पलीकडे दुसरी वाडी. ग्रामदेव एक, राखणदार एक, रापणही पूर्वी एकच होती. राखणदार हा गावाच्या शिवेवरचा पाषाण, मोठ्या वडाखाली. गावाचं रक्षण तो करतो असं आम्ही मानतो. माझी बायको पलीकडच्या वाडीची. तिचा मोठा भाऊ तिथला पुढारी. दोन्ही वाड्यांत सोयरीक इतकी की भांडण झालं तरी ते चुलीपर्यंत जाणार हे ठरलेलं.

मग बाहेरचे मोठे ट्रॉलर किनाऱ्याजवळ यायला लागले. मासळीचा थवाच्या थवा खरवडून न्यायचे, आणि आमची रापण वाळूवर यायची ती गवत आणि खुबे-शिंपले घेऊन. आम्ही ओरडलो, कचेऱ्यांत गेलो, तिथे शुद्ध मराठीत बोलून परत आलो. पलीकडच्या वाडीने दुसराच रस्ता धरला. माझ्या मेव्हण्याने आणि त्याच्या माणसांनी इंजिनाच्या बोटीवरचं मिनी पर्ससीन आणलं. हे जाळं थव्याभोवती फिरवतात, खालून तोंड आवळतात, आणि लहानमोठं सगळं उचलतात. ट्रॉलरने लांब जे केलं ते आता आमच्याच माणसाने आमच्याच तोंडापुढे केलं. मी त्याला बोललो तर तो म्हणाला, "भावजीनू, तुमी वाळूर उभे रवान पाण्याचो रंग बघा. आमच्या घरात खावची तोंडां आसत."

रापण फुटली. एका गावात दोन फौजा झाल्या. त्यांच्या बोटीचा दोर कोणी तरी कापायचा, आमच्या होडीला कोणी तरी भोक पाडायचं. बाजारात पलीकडच्या बायका आमच्या बायकांच्या शेजारी टोपली मांडेनाशा झाल्या.

अशात सुभेदार रिटायर होऊन गावी आला. आमच्याच वाडीचा, माझं घर सोडून पुढचं घर त्याचं. अठराव्या वर्षी भरती झाला होता, त्यानंतर गावाला यायचा तो पाहुण्यासारखा. चाल ताठ, मिशी बारीक कातरलेली, बोलणं शुद्ध मराठी, मध्ये मध्ये हिंदी. आम्हा रापणकरांच्या संघटनेचं नेतृत्व त्याने आठवड्याभरात आपल्याकडे घेतलं, आणि ते मी त्याला घेऊ दिलं. मला माणूस आवडला होता. त्याने होड्यांच्या तुकड्या पाडल्या, प्रत्येक तुकडीच्या म्होरक्याला शिट्टी दिली, पहाटे वाळूवर हजेरी घ्यायला लागला. पोरं आधी हसली, मग रांगेत उभी राहायला लागली. मला तो "दादा" म्हणायचा आणि प्रत्येक गोष्ट आधी मला विचारायचा. पहिल्याच मोसमात आम्ही एक ट्रॉलर चहूबाजूंनी घेरला आणि बंदरात आणून सरकारच्या ताब्यात दिला. त्या दिवशी सुभेदाराला खांद्यावर घेणाऱ्यांत मी होतो.

संध्याकाळी तो माझ्या खळ्यात, म्हणजे अंगणात, येऊन बसायचा आणि फौजेतल्या गोष्टी सांगायचा. शांतिसेनेतून तो आफ्रिकेतल्या एका देशात राहून आला होता. तिथे यादवी चाललेली. सरकारविरुद्ध उठलेल्या लोकांचा एक सेनापती होता, त्याची गोष्ट सुभेदार पुन्हा पुन्हा सांगायचा. उठलेल्यांच्या तीन टोळ्या होत्या आणि सरकारला सोडून त्या एकमेकींनाच मारत होत्या. हा सेनापती तिन्ही टोळ्यांच्या पंगतीला एकटा जायचा आणि त्यांच्या भांड्यातला पहिला घास सगळ्यांदेखत आपण खायचा, म्हणजे विषाचा संशय उरायचा नाही. प्रत्येक गाडीत तिन्ही टोळ्यांची माणसं मिसळून बसवायचा, म्हणजे कोणी कोणाची गाडी उडवणार नाही. एक टोळी मात्र येईना. तिचा एक माणूस सेनापतीच्या अंगरक्षकाच्या हातून मेला होता. ती म्हणाली, तो अंगरक्षक आमच्या हवाली करा, मग येतो.

"मग?" मी विचारलं.

"मग दिला. स्वतःच्या हाताने त्याची बंदूक काढून घेतली आणि दिला. त्यानंतर तिन्ही टोळ्या मिळून राजधानीत शिरल्या. लढाई जिंकायची तर कधी आपला एक माणूस द्यावा लागतो, दादा."

"अंगरक्षक काय बोललो?"

सुभेदार हसला. "ते कोणी विचारलं नाही."

मीही हसलो आणि म्हटलं, सेनापती हुशार. खरंच तसं वाटलं होतं मला.

दुसऱ्या मोसमात पलीकडच्यांनी तारली मासळीचे थवे आमच्या डोळ्यांदेखत उचलले. माणसं चिडली. सुभेदाराने मला सुरूच्या बनात नेलं. दुपारची वेळ, आम्ही दोघंच. तो म्हणाला, त्यांचं जाळं वाळत घातलेलं असतं. माणसाला हात लावायचा नाही, बोटीला लावायचा नाही, पण ते जाळं राहता कामा नये. मी त्याला एकच विचारलं, "हुकूम आसा?"

तो म्हणाला, "हुकूम आहे."

पलीकडच्या वाडीत एका घरी बारसं होतं. सगळे तिथे जेवायला गेलेले. मी भर उन्हात खाडी ओलांडली, जाळ्यावर रॉकेल ओतलं आणि काडी लावली. नायलॉन पेटत नाही, वितळतं. काळा धूर, डांबरासारखे गोळे, आणि असा वास की आठवला तरी आजही घसा धरतो. मी पळालो नाही. पळायचं असतं तर मी चेहरा झाकून आलो असतो. तिथल्याच पालथ्या होडीवर बसून राहिलो, सगळं जळेपर्यंत.

मेव्हणा धावत आला आणि मला बघून जागीच थांबला. बारशाचा नवा शर्ट होता त्याच्या अंगात.

"भावजीनू, ह्यां तुमी केलात?"

"होय."

"कोणी सांगल्यान तुमका?"

"माका सांगूक कोण लागता?"

पोलीस ठाण्यातही तेच विचारलं, कोणाच्या सांगण्यावरून. तिथेही मी सुभेदाराचं नाव घेतलं नाही. केस झाली, तारखा झाल्या, मी गेलो आणि आलो. हुकूम घेतला तर तो पोटात ठेवायचा असतो, हे मला कुठल्या फौजेने शिकवायची गरज नव्हती.

भोग आला तो घरात. माझ्या बायकोला माहेर बंद झालं. चतुर्थीला तिच्या भावाकडचा गणपती तिने एकही वर्ष चुकवला नव्हता, त्या वर्षी चुकला. खाडीच्या या काठावर उभी राहून तिने पलीकडची आरती ऐकली. माझ्याशी बोलणं तिने सोडून दिलं. जेवण वाढलं की दारातल्या कुत्र्याला सांगायची, "तुज्या धन्याक सांग, ताट मांडलां." कुत्रा माझ्याकडे बघायचा, मी उठायचो. असा कितीतरी काळ आमचा संसार कुत्र्याच्या मध्यस्थीने चालला.

तिसऱ्या मोसमाच्या आधी सुभेदाराच्या लक्षात आलं की नुसत्या वल्ह्याच्या होड्यांनी ट्रॉलर अडत नाहीत. इंजिनाच्या बोटी हव्यात आणि त्या पलीकडच्या वाडीकडे. तह करायचा त्याने ठरवलं. मी त्याला विरोध केला नाही. तो जसा गेला तसा दुसरा कोणी गेला नसता, हे मी आजही म्हणेन. पलीकडच्या पंगतीत एकटा जाऊन बसला आणि कोणी वाढायच्या आधी हाताने टोपातली आमटी घेऊन प्यायला. देवळाच्या आवारात खुर्च्या नकोत म्हणाला, सगळ्यांना जमिनीवर बसवलं, म्हणजे कोणी वर नाही, कोणी खाली नाही. प्रत्येक बोटीत दोन्ही वाड्यांची माणसं राहतील असं ठरवलं. पलीकडच्यांनी मिनीचं जाळं किनाऱ्यापासून लांब टाकायचं कबूल केलं. मला आफ्रिकेतली गोष्ट ऐकू येत होती, एकेक पायरी. मी खांबाला टेकून बसलो होतो आणि मनात म्हणत होतो, बरा शिकला.

शेवटी मेव्हणा उभा राहिला. म्हणाला, सगळं मान्य, पण आमचं जाळं जाळणारा माणूस आज रापणीचा तांडेल आहे. तो तिथे उभा असेल तर आमची माणसं दोराला हात लावणार नाहीत. आणि त्याने जाळलं ते आपल्या मनाने की संघटनेच्या हुकमाने, तेही आज देवासमोर कळू दे.

सुभेदार उठला, कंबरेला हात लावून सरळ उभा राहिला. गाभाऱ्यातल्या देवाकडे त्याची पाठ नव्हती, तोंडच होतं. तो म्हणाला, "मी असा हुकूम दिला नव्हता. तो एका माणसाचा राग होता. संघटनेला तो मान्य नाही."

मग तो माझ्याकडे वळला आणि डोळ्याला डोळा न देता शिस्तीत म्हणाला की दादांनी मोठ्या मनाने तांडेलपण सोडावं आणि दोन्ही वाड्यांची क्षमा मागावी.

मी क्षमा मागितली नाही. उठलो आणि घरी आलो. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. मी पोलिसांपुढे गप्प राहिलो, तसा तोही गप्प राहिला असता तर माझं काही म्हणणं नव्हतं. गप्प बसायचा हक्क दोघांचा सारखा. पण हा तोंड उघडून, देवाच्या तोंडावर खोटं बोलला, आणि वर मलाच क्षमा मागायला लावत होता. त्या रात्री मला अंगरक्षक आठवला. तो काय बोलला हे कोणी विचारलं नव्हतं. मी ठरवलं, माझं लोकांना विचारावं लागेल.

दुसऱ्या दिवशी, सरत्या मोसमातल्या शेवटच्या रापणीवर, पलीकडचा एक माणूस माझ्या जागी उभा होता. त्याने जाळं उशिरा टाकलं, अर्धी मासळी निसटली. मी लांब बसून पाहिलं आणि मला बरं वाटलं. सुभेदार माझ्या खळ्यात आला, म्हणाला, जरा दम धरा, एक मोसम जाऊ दे. मी त्याला बस म्हटलं नाही. तो उभाच राहून गेला.

पावसाळा सरत आला तेव्हा मी घाडीला घेऊन राखणदाराच्या वडाखाली गेलो. घाडी हा गावाच्या वतीने देवाशी बोलणारा, त्याच्या तोंडूनच गाऱ्हाणं घालायचं. मी पाषाणापुढे सोललेला नारळ ठेवला. घाडी म्हणाला, "परत इचार कर. पोरांचो मोसम तोंडार आसा." मी म्हटलं, इचार झालो. गाऱ्हाणं नाकारायचा हक्क घाडीला नसतो. त्याने हात जोडले आणि बोलायला लागला:

"बा राखणदारा, ह्या लेकरान आज तुज्यापुढे नारळ ठेवल्यान हा. सुभेदारान तेका हुकूम दिल्यान आणि चार माणसांत तो गिळल्यान. लेकराक तेचो जीव नको, तेच्या पोराबाळांचा वायट नको. गिळलेलां तेच्या तोंडातसून भायर काड आणि लेकराचां नाव धुवन दी, महाराजा."

"व्हय महाराजा," जमलेली चार माणसं म्हणाली. संध्याकाळपर्यंत दोन्ही वाड्यांना कळलं.

आता हा रिवाज बाहेरच्या वाचकाला सांगायला हवा. कोणाच्या नावाने नारळ ठेवला की तो दोनच माणसं उचलू शकतात. ज्याने ठेवला तो, गाऱ्हाणं मागे घेतलं तर. किंवा ज्याच्या नावाने ठेवला तो, दोष कबूल असेल तर. दोषी माणूस स्वतः येतो, नारळ उचलतो, फोडतो, आणि तिथे त्याला कोणी काही विचारत नाही, कारण उचलण्यातच सगळं आलं. आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. म्हणून कोणी कोणाला कधी सांगत बसत नाही.

सुभेदाराला ठाऊक नव्हतं. अठराव्या वर्षी गेलेला माणूस. त्याला वाटलं, नारळ म्हणजे करणीतला प्रकार, अडाणी लोकांना घाबरवायचा.

नारळी पौर्णिमा झाली, मोसम उघडला, ट्रॉलर अडवायला दोन्ही वाड्यांच्या बोटी एकत्र काढायचा दिवस ठरला. पण माणसं बोटीत पाय ठेवीनात. त्यांना देवाची भीती होती असं सगळ्यांचं नव्हतं. काहींना इतकंच वाटत होतं की नारळ उभा आहे तोवर हा माणूस खरा की तो, हे ठरलेलं नाही, आणि न ठरलेल्या माणसामागे खोल पाण्यात कशाला जा. सुभेदाराने भाषण केलं, शिट्ट्या वाजवल्या. हजेरीला निम्मी वाळू मोकळी.

म्हणून तो पुन्हा माझ्याकडे आला. सकाळची वेळ. मी पडवीत फाटलेलं जाळं तुणत होतो. बायको आत नारळ खवत होती, विळीचा आवाज येत होता.

"दादा, तो नारळ उचला."

"मी उचलूचंय नाय."

"तांडेलपण परत देतो. आज, आत्ता, सगळ्यांसमोर."

"तुज्या हातातलां माका काय नको."

"मग हवंय काय तुम्हाला?"

"देवळात जां बोललंस, तां फिरव. इतक्यांच."

मग खरं बोलला, तेवढं मी त्याचं मानतो. "ते नाही होणार. मी ते फिरवलं तर पलीकडचे उद्या निघून जातील. एवढी मोट बांधली ती सुटेल. ट्रॉलर समोर आहेत, दादा. तुमचं नाव मोठं की गावाचा समुद्र?"

"माजां नाव," मी म्हटलं.

त्याचा चेहरा लाल झाला. म्हणाला, एका नारळाला माझी माणसं घाबरतात. उद्या सकाळी दोन्ही वाड्या बोलावतो आणि तो नारळ मी माझ्या हाताने उचलतो. फोडून खातो. बघू दे सगळ्यांना, मला काय होतं ते.

आत विळीचा आवाज थांबला. बायको उंबऱ्यात आली, हाताला खोबरं लागलेलं. तिने माझ्याकडे बघितलं. कितीतरी दिवसांत प्रथमच सरळ माझ्याकडे. तिचे ओठ हलले. मी तिच्याकडे असं बघितलं की ते मिटले. एक वाक्य सांगितलं असतं तर सुभेदार सावध झाला असता. तेवढं वाक्य माझ्या जिभेवर होतं आणि मी ते जिभेवरच ठेवलं.

"उचल तर," मी म्हटलं. "तुजो हात कोणी धरलो हा?"

तो गेला. बायको मला म्हणाली, "तुमी माणूस नाय." कुत्र्याला न सांगता थेट मला म्हणाली. मी पुन्हा जाळं तुणायला लागलो.

सकाळी वडाखाली दोन्ही वाड्या उभ्या. सुभेदार इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, छातीवर बिल्ले लावलेले. त्याने भाषण केलं. म्हणाला, मी गोळ्यांना भ्यालो नाही, नारळाला भिणार नाही. घाडी पुढे झाला आणि हळू म्हणाला, "सुभेदारानू, इचार करून हात घाला." त्याला वाटलं घाडीसुद्धा भेवडावतोय. त्याने हसून घाडीच्या खांद्यावर थोपटलं, वाकला, नारळ उचलला, आणि पाषाणाच्या कडेवर आपटला. पाणी प्यायला. खोबऱ्याचा तुकडा दाताने तोडून सगळ्यांदेखत खाल्ला. पहिला घास आपण खायचा, म्हणजे संशय उरत नाही. दुसरा तुकडा त्याने पुढच्या माणसाकडे धरला.

कोणी घेतला नाही. घाडीने डोक्याचं फडकं काढलं, पाषाणाकडे तोंड केलं आणि म्हणाला, "महाराजा, जेचो होतो तेणा उचलल्यान. गाऱ्हाणां पोचलां."

मेव्हणा पुढे आला. त्याचा आवाज चढलेला नव्हता.

"सुभेदारानू, आमचां जाळां तुमी जाळूक सांगलात?"

"कोण म्हणतं?"

"तुमीच. आता, सगळ्यांपुढे."

सुभेदाराने आजूबाजूला बघितलं. त्याच्या हातात खोबरं तसंच. एकेका तोंडावरून त्याची नजर फिरली आणि शेवटी माझ्यावर आली. मी पहिल्या रांगेतच उभा होतो, मुद्दाम. त्याला कळलं. नुसता नारळाचा अर्थ नव्हे, काल पडवीत मी काय केलं तेही. नाही म्हटलं तरी ऐकायला कोण होतं? मी त्याच्या डोळ्यांतून डोळे काढले नाहीत. देवळात त्याने काढले होते.

मेव्हण्याने हात केला आणि पलीकडची माणसं खाडीकडे चालायला लागली. मग आमच्या तुकड्यांचे म्होरके एकेक करून आले आणि आपापली शिट्टी पाषाणाच्या कडेला ठेवून गेले. कोणी त्याला शिवी दिली नाही. दिली असती तर त्याला सोपं गेलं असतं.

बोटी निघाल्या नाहीत. त्या मोसमात ट्रॉलर आले, पाहिजे तेवढं घेऊन गेले. पुढच्या मोसमातही आले. सुभेदार दिवाळीपर्यंत कसाबसा राहिला आणि मग मुलाकडे कोल्हापूरला गेला, तो कायमचा. मला लोक अजून बोलतात. बंदरावर एक जण तर तोंडावर म्हणाला, तुझ्या एका शब्दाने गावाचा समुद्र वाचला असता. मी त्याला म्हटलं, देवळात त्याच्या एका शब्दाने वाचला असता, त्याची पाळी पहिली होती, आधी त्याला विचारून ये. माझी झोप उडाली, मन खातं, असलं काही नाही. ज्याने माझं नाव देऊन तह विकत घेतला, त्याचा तह मी मोडला. पुन्हा वेळ आली तर पुन्हा मोडेन.

मेव्हणा पुढच्या चतुर्थीच्या आधी आला. अंगणातच उभा राहिला, पाणीसुद्धा घेतलं नाही. म्हणाला, "भयनीक धाडा गणपतीक."

"आणि मी?"

"हुकूम तेचो, हात तुमचो. तुमी येव नकात."

हे मला पटलं. मी त्याच्या जागी असतो तर हेच म्हटलं असतं, कदाचित बहिणीलाही बोलावलं नसतं. आता दर वर्षी ती जाते, मी जात नाही. येताना ती माझ्यासाठी मोदक आणते, भावाला न सांगता. ते मी खातो.

तांडेलपण मला आमच्या वाडीने परत दिलं. रापण अर्धीच राहिली, माणसं कमी, दोर जड लागतो. तरी पाण्याचा रंग बघायला मीच उभा असतो.

सुभेदाराचं घर बंद आहे. मागच्या उन्हाळ्यात त्याचा फोन आला. आवाज थकलेला. आधी पाऊस विचारला, मग मासळी विचारली. मग म्हणाला, "दादा, तुम्हाला ठाऊक होतं ना, मी उचलला तर काय होणार ते?"

"ठाऊक होतां."

"एकदा सांगायचं होतंत."

"तू माका देवळात काय बोलतलंस तां आदी सांगलं होतंस?"

मग त्याने विचारलं, परसातल्या रातांब्याला धरलंय का. मी म्हटलं, धरलंय, आणि फोन ठेवला.

हे कोकमाचं झाड आहे त्याच्या हद्दीत, पण फांद्या आमच्या कुंपणावर. रातांबे पिकून टपाटप आमच्या बाजूला पडतात. माझी बायको ते वेचते, फोडते, उन्हात त्यांच्या सालींची सोलं वाळवते. झाडाचा काय दोष, असं तिचं म्हणणं. गेली सगळी वर्षं ती बांगड्याची आमटी दोन टोपांत करते. एकात ती सोलं घालते, स्वतःसाठी आणि येणाऱ्याजाणाऱ्यासाठी. त्याच्या झाडाचं मी तोंडाला लावत नाही, म्हणून दुसऱ्यात माझ्यासाठी चिंच. मला चिंचेची आमटी बिलकूल आवडत नाही. मी दोनदा मागून घेतो.